जुना सिमेंटचा पत्रा आणि जुनी फरशी काढताना जीव सांभाळा

खानदेशात छपराची कामे निघतात ती वैशाखात. कापूस विकून झालेला असतो, पाऊस महिनाभर लांब असतो आणि मृगाच्या आत घर झाकून घ्यायची प्रत्येकाला घाई असते. जळगाव-भुसावळ रस्त्यावरील नशिराबाद काय किंवा धुळे, अमळनेर, पाचोरा काय, सगळीकडे हाच हंगाम. कुणी जुने पत्रे काढून स्लॅब टाकतो, कुणी रंगीत लोखंडी पत्रे चढवितो, कुणी दुकानाची जुनी फरशी उखडून नवीन टाइल्स बसवितो. हे काम करणारे गवंडी, मिस्त्री, वेल्डर, फरशीवाले, बिगारी आणि उतरलेला माल उचलणारे भंगारवाले यांत आपल्या समाजाचे लोक पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घराचे किंवा दुकानाचे काम निघणार आहे, त्यांनीही तो वाचावा.

मुद्दा असा की, आपण ज्याला नुसता 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, तो नुसत्या सिमेंटचा नसतो. त्यात अॅस्बेस्टॉस नावाचे खनिज असते. हा पत्रा छपरावर अखंड आहे तोवर फारसा त्रास देत नाही. तो कापला, फोडला, घासला, भोके पाडली किंवा वरून खाली फेकला की त्याची धूळ होते, आणि ही धूळ पहिल्यांदा जाते ती काम करणाऱ्याच्या छातीत. घरमालकाचे काम दोन दिवसांत संपते. मिस्त्रीचे मात्र दर हंगामाला नवे छप्पर असते. म्हणून या बाबतीत सर्वांत अधिक सावध राहायचे ते कारागिराने.

अॅस्बेस्टॉस म्हणजे काय?

हा एक दगडच आहे, पण त्याची घडण कापसासारखी तंतूंची आहे. ठेचला की त्याचे बारीक धागे सुटतात. हे धागे जळत नाहीत, कुजत नाहीत, तेजाबाला सहजासहजी दाद देत नाहीत आणि ओढले तर तुटतही नाहीत. सिमेंटमध्ये मिसळले की पातळ पत्राही मजबूत होतो. ऑस्ट्रियातील लुडविग हाट्शेक याने १९०१ च्या सुमारास ही युक्ती काढली आणि जगभर हे पत्रे पसरले. आपल्या देशात १९३४ साली मध्य प्रदेशातील कैमूर येथे असा कारखाना सुरू झाला. स्वस्त, गंज न लागणारा, रंग न मागणारा म्हणून हा पत्रा गोदाम, जिनिंग, शाळा, गोठा, घर अशा सर्व ठिकाणी गेला. पत्र्यात साधारण आठ ते दहा टक्के अॅस्बेस्टॉस असते. बाकी सिमेंट व राख.

जे गुण मालाला चांगले, तेच छातीला वाईट. हे तंतू केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन् तास तरंगतात. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही आणि सगळे बाहेर टाकूही शकत नाही. त्यांच्याभोवती फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. या रोगाला अॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोगही होतो. मेसोथेलिओमा म्हणजे छातीच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कर्करोगही याच तंतूंमुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने अॅस्बेस्टॉसच्या सर्व जाती, पांढरी जातही धरून, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकल्या आहेत.

घात असा आहे की, हे सर्व लगेच होत नाही. धूळ आज लागते आणि रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. म्हणून 'आम्ही बापजाद्यांपासून पत्रे कापतो, काही झाले नाही' या बोलण्यात अर्थ नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर दुहेरी फटका आहे. अमेरिकेत अॅस्बेस्टॉसचे काम करणाऱ्या कामगारांचा मोठा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका नुसत्या अॅस्बेस्टॉसने सुमारे पाचपट आणि नुसत्या धूम्रपानाने सुमारे दहापट वाढलेला आढळला. दोन्ही एकत्र आले तेव्हा तो पन्नासपटींच्या घरात गेला.

कायदा कोठे आहे?

ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ मध्ये अॅस्बेस्टॉस बंद केले. अमेरिकेने २०२४ मध्ये पांढऱ्या अॅस्बेस्टॉसवर बंदी आणली. आपल्याकडे खाणींना नवीन परवाने देणे थांबले, पण बाहेरून अॅस्बेस्टॉस आणून पत्रे बनविणे व विकणे बेकायदा ठरलेले नाही. संपूर्ण बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये फेटाळली. त्याआधी, २७ जानेवारी १९९५ रोजी याच न्यायालयाने एक मोठा निकाल दिला होता. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे. अॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षे, यांत जे उशिराचे असेल तोपर्यंत जपून ठेवावी, असाही आदेश त्यात आहे.

निकाल चांगला आहे; पण तो कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्या माणसासाठी. आपला मिस्त्री कोणत्या हजेरीपटावर आहे? आज या गल्लीत, उद्या त्या गावात. त्याची नोंद ठेवणारा कुणी नाही. त्याला स्वतःलाच आपले रक्षण करावे लागणार आहे.

पत्रा ओळखावा कसा?

रंग राखाडी, नागमोडी वळणे, जाडी साधारण सहा मिलिमीटर. बोटाने वाजविल्यास लोखंडी पत्र्यासारखा खणखणत नाही, बद्द आवाज येतो. वजन भारी, तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो. जुन्या तुटलेल्या कडेला कधी कधी बारीक लव दिसते. सपाट सिमेंटची तावदाने, पावसाच्या पाण्याचे जुने राखाडी नळ, कौलाराखालच्या पन्हाळी, जुन्या पाण्याच्या टाक्या हाही त्याच जातीचा माल असतो.

अलीकडे अॅस्बेस्टॉस न घातलेले सिमेंटचे पत्रेही बाजारात आले आहेत, आणि ते दिसायला सारखेच असतात. नुसत्या नजरेने खात्री देता येत नाही. ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून सरळ नियम ठेवावा: जुना सिमेंटचा पत्रा दिसला की त्यात अॅस्बेस्टॉस आहे असे धरूनच काम करावे.

फरशीचे काय?

याबाबत लोक उगीच घाबरतात, तर काही जण जिथे घाबरायला हवे तिथे घाबरत नाहीत. आपल्या घरांत जी फरशी असते, म्हणजे शहाबादी, कोटा, मोझॅक, सिरॅमिक, संगमरवर, त्यांत अॅस्बेस्टॉस नसते. मात्र त्यांतल्या काही दगडांच्या धुळीत सिलिका असते आणि तीही छातीला वाईटच. कटर चालविताना पाणी सोडलेच पाहिजे.

अॅस्बेस्टॉसची शंका येते ती जुन्या प्लास्टिकच्या चौकोनी फरशीबद्दल. नऊ इंची किंवा बारा इंची, पातळ, ठिपक्या-रेघांची, खाली काळ्या डांबरी गोंदाने चिकटविलेली. बँका, दवाखाने, कचेऱ्या, कारखान्यांचे बंगले अशा ठिकाणी ती बसविली जाई. भारतीय मानक संस्थेने अशा अॅस्बेस्टॉसयुक्त प्लास्टिक फरशीसाठी आयएस ३४६१ हे मानकच काढले होते, म्हणजे हा माल आपल्या देशात चालत होता. अमेरिका, इंग्लंड येथे तर जुन्या घरांत ही फरशी सर्रास आढळते. तिकडे कामाला गेलेल्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. जुनी कचेरी विकत घेऊन दुकान किंवा दवाखाना थाटणाऱ्यांनीही ठेवावे.

या फरशीत तंतू प्लास्टिकमध्ये पक्के अडकलेले असतात. ती शाबूत असेल तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे तिला हात न लावणे आणि तिच्यावरच नवीन फरशी किंवा जाड चटई टाकणे. उंबऱ्याची उंची थोडी वाढेल, दाराचा तळ थोडा कापावा लागेल, एवढेच. काढणे भागच असेल तर पाणी मारून, रुंद पटाशी कडेखाली हळूच सारून एकेक फरशी अखंड उचलावी. निघत नसेल तर वरून गरम हवा देऊन गोंद मऊ करावा. हातोड्याने फोडू नये. खाली राहिलेला काळा गोंद ग्राइंडरने किंवा पॉलिश यंत्राने कधीही घासू नये. त्यातही अॅस्बेस्टॉस असू शकते. तो तसाच ठेवून वर नवीन थर टाकावा.

आधी विचारा: काढायलाच हवे का?

छपरालाही हेच लागू आहे. पत्रा शाबूत असेल, भुगा सुटत नसेल, गळत नसेल तर घाई करू नये. एकदोन पत्र्यांना चीर असेल तर ती जोडरसायनाने बुजविता येते. खालच्या बाजूने छत बसविता येते. आधाराचे लोखंड पुरेसे मजबूत असल्याची खात्री मिस्त्रीकडून करून घेतली तर जुन्या पत्र्यांच्या वर वेगळा सांगाडा उभा करून नवे पत्रे टाकता येतात. मात्र भोके जुन्या पत्र्याला पाडायची नाहीत.

आपल्याकडे एक रीत आहे तिच्याबद्दल मुद्दाम सांगावेसे वाटते. जळगावचा पारा ४५ च्या वर गेला की घर थंड राहावे म्हणून लोक पत्र्याला चुना किंवा पांढरा रंग मारतात. कल्पना उत्तम आहे. पण रंग धरावा म्हणून आधी पत्रा तारेच्या ब्रशने खरवडतात, तेथे घोटाळा होतो. उन्हा-पावसाने जुन्या पत्र्याच्या वरचे सिमेंट झिजलेले असते आणि तंतू उघडे पडलेले असतात. कोरडा ब्रश मारणे म्हणजे ते मोकळे करून घरावर आणि शेजाऱ्यावर उधळणे. शेवाळ काढण्यासाठी केलेल्या घासाघाशीचेही तेच. पत्रा हलक्या फवाऱ्याने भिजवावा, घासू नये, आणि रंग फवारून द्यावा. जोराच्या पाण्याचा मारा करणारे यंत्रही वापरू नये.

पत्रा कुजलेला असेल, हात लावताच भुगा सुटत असेल, वादळाने किंवा माकडांनी फोडला असेल, तर मात्र तो उतरवावा.

पहिला धोका पडण्याचा

धुळीचा रोग वीस वर्षांनी येतो. पत्र्यातून खाली पडणारा माणूस त्याच दिवशी जातो. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. वरून भक्कम दिसतो आणि पाय पडताच तुटतो. 'बोल्टच्या रेषेवरून चाला, काही होत नाही' असे जुने लोक सांगतात, त्यावर भरवसा ठेवू नये. शक्य असेल तेथे खालून पहाड बांधून काम करावे. वर जाणे भागच असेल तर दोन-तीन वाशांवर पोचतील अशा लांब, रुंद फळ्या टाकाव्यात, कमरेचा पट्टा पक्क्या जागी बांधावा आणि खाली कुणाला उभे राहू देऊ नये. पाणी मारलेला पत्रा निसरडा असतो, म्हणून आधी फवारावे, मग खालून हात घालावा.

काम करण्याची रीत

१) कामाच्या आधी घर रिकामे करावे. भांडी, अंथरुणे, धान्य बाहेर काढावे. जे निघत नाही ते प्लास्टिकने झाकावे. बायका-मुले आणि म्हातारी माणसे त्या दिवशी नातलगांकडे पाठवावीत. शेजाऱ्यांना सांगून खिडक्या लावून घ्याव्यात. पंखे, कूलर आणि त्या छपराचा वीजप्रवाह बंद करावा.

२) पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवावा. यासाठी पाठीवरचा फवारणी पंप उत्तम, तो आपल्याकडे घरोघर असतो. मात्र कपाशीचे औषध मारलेला पंप वापरू नये, नवा घ्यावा. पाण्यात भांडी धुण्याचा साबण थोडा टाकला की पाणी पत्र्यात मुरते. काम चालू असताना पुन्हा पुन्हा फवारत राहावे.

३) ग्राइंडर, कटर, ड्रिल पत्र्याला लावू नये. गंजलेले हूक बोल्ट ग्राइंडरने उडविण्याची सवय आहे, तीच सर्वांत वाईट. चाक बोल्टबरोबर पत्राही कापते. बोल्ट तेल टाकून पान्याने सोडवावा, न सुटल्यास हाताच्या बोल्ट कटरने तोडावा.

४) पत्रा अखंड उतरवावा. दोन माणसे वर, दोन खाली, दोराने किंवा हातोहात. वरून टाकू नये, ओढत नेऊ नये, गाडीत मावावा म्हणून फोडू नये.

५) कोरडा झाडू मारू नये. घरगुती व्हॅक्यूम यंत्रही चालवू नये. बारीक तंतू त्यातून गाळून परत हवेत येतात. तुकडे हाताने वेचावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके धुऊन परत न वापरता त्याच कचऱ्यात टाकावे.

६) काम चालू असताना त्या जागी चहा, पान, तंबाखू, विडी काहीही नको. आधी हात-तोंड धुवावे, मगच बाहेर येऊन खावे-प्यावे.

रुमाल म्हणजे मास्क नव्हे

तोंडाला रुमाल किंवा गमछा बांधून हे तंतू अडत नाहीत. दवाखान्यातला पातळ मास्कही उपयोगाचा नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे 'एफएफपी ३' प्रतीचा मास्क मागावा. तो नाकावर, गालांवर आणि हनुवटीखाली घट्ट बसला पाहिजे. कडेने हवा आली तर किमती मास्कही फुकट.

येथे आपल्या पुष्कळ बंधूंचा एक खरा प्रश्न आहे. दाढीवर कोणताही घट्ट बसणारा मास्क बसत नाही. केसांतून हवा शिरते आणि हवेबरोबर तंतूही. त्यासाठी सबंध डोके झाकणारे, बॅटरीवर गाळलेली हवा देणारे टोप मिळतात, पण ते महाग असतात. चार-पाच मिस्त्र्यांनी मिळून एक-दोन घेतले तर परवडू शकतात. तोपर्यंत दाढी असलेल्या कारागिराने पत्रे उतरविण्याच्या जागी जाऊ नये. सामान आणणे, पाणी भरणे, बांधून झालेले गठ्ठे गाडीत चढविणे, नवीन सांगाड्याची वेल्डिंग, ही कामे त्याने घ्यावीत.

कपड्यांचा विषय याहून नाजूक आहे. १९६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, मेसोथेलिओमा झालेल्यांत कधीही कारखान्यात न गेलेली माणसेही होती. त्यांच्या घरातील कुणीतरी अॅस्बेस्टॉसच्या कामावर होते आणि त्याच्या कपड्यांवरून धूळ घरात येत होती. आपल्याकडे संध्याकाळी कपडे झटकून खुंटीला लावतात, सकाळी बायको ते आपटून धुते आणि लहान मूल बापाला बिलगते. म्हणून या कामाला टाकाऊ कपडे घालावेत, काम झाल्यावर ते ओले करून तेथेच प्लास्टिकच्या पिशवीत कचऱ्याबरोबर बांधून टाकावेत. आंघोळ करून, दुसरे कपडे घालून मगच घरी जावे. चपला-बूटही ओल्या फडक्याने पुसावेत.

उतरलेला माल: भंगारवाल्या बंधूंसाठी

ओले पत्रे एकावर एक रचून जाड प्लास्टिकमध्ये दोन वेळा गुंडाळावेत आणि पट्टीने सांधे बंद करावेत. शेतात अंथरायचा मल्चिंगचा कागद फार पातळ असतो, तो लगेच फाटतो. शेततळ्याला वापरतात तो जाड कागद घ्यावा. उरलेले तुकडे कमी दरात मिळून जातात. तुटके तुकडे दुहेरी पिशवीत भरावेत. वर मराठी, हिंदी, उर्दूत मोठ्या अक्षरांत 'अॅस्बेस्टॉस - फोडू नये' असे लिहावे.

पुढे काय? हा माल वाघूरच्या काठी, नाल्यात किंवा गावाबाहेरच्या खदानीत टाकू नये. रस्त्याच्या भरावात, ओट्याच्या पायात तुकडे भरू नयेत. उद्या तेच कुणीतरी खोदणार असते. तुकड्यांची चुलीला, भट्टीला आड करू नये, कारण सिमेंटचा पत्रा तापला की फुटून उडतो. कारखान्यांच्या अॅस्बेस्टॉस कचऱ्याची गणना २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात होते आणि असा कचरा पुरण्याची अधिकृत केंद्रे महाराष्ट्रात तळोजे, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे आहेत. घरगुती पत्र्यांसाठी काम सुरू करण्यापूर्वीच नगरपरिषदेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव येथील कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ते सांगतील तेथे माल पोचवावा. व्यवस्था होईपर्यंत गुंडाळलेले पत्रे आपल्याच जागेत, मुलांच्या व जनावरांच्या हाती न लागतील असे ठेवावेत. एका घराच्या अर्जाकडे लक्ष जात नाही. दहा मिस्त्री, पाच भंगारवाले आणि दोन हार्डवेअरवाले मिळून गेले तर गावासाठी जागा मागता येते.

जुने पत्रे गोठ्यासाठी विकत घेणारे गिऱ्हाईक असते, हे आम्हाला ठाऊक आहे. झिजलेला, चिरलेला पत्रा विकू नये. चांगला अखंड पत्रा विकला तरी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की यात अॅस्बेस्टॉस आहे, कापू नको, भोक पाडू नको. मालातला ऐब झाकून विकायचा नाही, हा आपल्या व्यापाराचा जुना दंडक आहे. येथे तर ऐब डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून सांगण्याची जबाबदारी अधिक.

दर कसा ठरवावा?

काम नगावर घेतले की घाई होते आणि घाईत पत्रे फुटतात. ज्याला पत्र्यामागे पैसे मिळतात, तो पाणी मारण्यात वेळ का घालवील? म्हणून पत्रे उतरविण्याचे काम रोजाने घ्यावे. अंदाजपत्रकात पहाड, मास्क, प्लास्टिक, टाकाऊ कपडे आणि वाहतूक यांच्या ओळी वेगळ्या लिहाव्यात. गिऱ्हाईक विचारील, 'दुसरा तर निम्म्यात करतो.' त्याला समजावून सांगावे की दुसरा जी धूळ करील ती तुमच्याच अंथरुणावर बसणार आहे. मशिदी, मदरसे, शाळा यांच्या विश्वस्तांनीही सर्वांत कमी दराच्या निविदेकडे पाहण्याआधी हे पाहावे. तेथे मुले बसतात. हार्डवेअरच्या दुकानदारांनी हंगामात चांगले मास्क, बोल्ट कटर, जाड प्लास्टिक ठेवले तर धंदाही होईल आणि गावाचे भलेही.

तब्येतीची नोंद

वर्षानुवर्षे हे काम केलेल्या माणसाला जिना चढताना दम लागत असेल, कोरडा खोकला जात नसेल, छातीत दुखत असेल तर अंगावर काढू नये. मुंबईत घाटकोपर येथील एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची पाहणी डॉ. व्ही. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. तपासलेल्या १८१ कामगारांत दर पाचांत एकाहून अधिक जणांना अॅस्बेस्टॉसिस आढळला. अशा रुग्णांना क्षय किंवा जुनाट खोकला म्हणून सांगितले जाते, असेही त्यांनी लिहिले. क्षय आपल्याकडे आहेच आणि त्याची तपासणी करून घ्यावीच. पण जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा कुठल्याही डॉक्टरकडे जाताना आपला धंदा आपणहून सांगावा. 'मी इतकी वर्षे सिमेंटचे पत्रे कापतो' हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्यावे आणि छातीचा फोटो जपून ठेवावा. अॅस्बेस्टॉसिस बरा करणारे औषध नाही. धूळ आणि विडी बंद करणे, संसर्गावर वेळीच उपचार घेणे हाच मार्ग आहे.

शिवाय, वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती प्रत्येक मिस्त्री-बिगाऱ्याने करावी. आपण काय काम करतो याचा निदान एक सरकारी कागद तरी त्यामुळे हाती राहतो. त्याबरोबर एक साधी वही ठेवावी: तारीख, गाव, कुणाचे छप्पर, किती पत्रे. कारखान्याच्या कामगाराची नोंद मालकाने ठेवायची. आपली आपणच ठेवायची.

एवढे सर्व पाळणे शक्य नाही असे वाटत असेल, तर निदान तीन गोष्टी आजपासून पाळाव्यात. पत्र्याला ग्राइंडर लावायचा नाही. कोरड्या पत्र्याला हात लावायचा नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. यातली पहिली तर एका पैशाचाही खर्च न करता पाळता येते.